खेचराच्या वहीतला अंगठा

४ जून

बाबा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत नाही. आठ वर्षांत ज्याने साधी खुशाली विचारली नाही त्याने एकदम साष्टांग घातलं, तर तुम्ही म्हणाल, याला काहीतरी मागायचंय. मला काही मागायचं नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. दोनदा ठेवलात. पत्र ठेवून देता येत नाही, फाडावं लागतं, आणि ताई फाडू देणार नाही.

ताई, वाचणारी तूच आहेस हे धरून चाललोय. बाबांचं वाचन स्वतःच्या सहीपुरतं, आणि ती सहीसुद्धा तूच शिकवलीस. तेव्हा एक ठरवू. मी जिथे 'मनात वाच' लिहीन तेवढा भाग मनात वाच आणि तशीच पुढे जा. चेहरा हलू देऊ नकोस. तुझा चेहरा चुगलखोर आहे.

तर बाबा, ताईचं पत्र मिळालं. ट्रक आले म्हणून खेचरांची तुकडी मोडली आणि तुम्हाला बारा वर्षांच्या नोकरीनंतर हात हलवत घरी पाठवलं, त्याला पंचवीस वर्षं झाली. आता सरकारला जाग आलीय. असे घरी गेलेल्या खेचरवाल्यांना पेन्शन द्यायची म्हणे. फक्त आपण फौजेत होतो हे त्यांनी एकतीस ऑगस्टच्या आत सिद्ध करायचं. म्हणजे फौजेत होतो हे फौजेलाच पटवून द्यायचं. आणि जुनी दप्तरं ज्या कचेरीत आहेत ती माझ्या खोलीपासून दोन बसवर. म्हणून माझी आठवण झाली. मुलगा म्हणून झाली असती तर मलाच धक्का बसला असता.

मी सध्या गोदामात आहे. माल चढवतो, उतरवतो. ही पाचवी नोकरी. छातीवर पत्र्याचा बिल्ला आहे, एकशे बारा. मुकादम "ए एकशे बारा" म्हणून हाक मारतो. तुमच्या खेचरांना नंबराशिवाय निदान नावं तरी होती.

काल कचेरीत गेलो. खिडकीत एक कारकून बसतो, मान वर करत नाही.

"सेवा क्रमांक?"

"माहीत नाही."

"डिस्चार्ज बुक?"

"हरवलं."

"मग तुम्ही आणलंय काय?"

"वडिलांचं नाव."

तेव्हा त्याने मान वर केली. "नाव काय, सगळ्यांनाच असतं."

तर तुमचा नंबर कळवा. डिस्चार्ज बुकाचं म्हणाल तर ते कुठे गेलं मला काही कल्पना नाही.

ताई, हे मनात वाच. पत्र्याच्या पेटीबद्दल बाबा कधी काही बोलले का? सहज विचारतोय.

२० जून

बाबा,

तुमचा निरोप ताईने जसाच्या तसा लिहिलाय. "त्याला म्हणावं, माझा नंबर गेला चुलीत. चारशे सतरा विचार तिथे." आठ वर्षांनी तुमच्या तोंडून माझ्यासाठी वाक्य निघालं आणि तेही खेचराबद्दल.

परत गेलो. अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली. खिडकीवाला म्हणाला, माणसांची रजिस्टरं तळघरात होती, नळ फुटला, पाणी शिरलं, तुमच्या तुकडीच्या सगळ्या नोंदींचा लगदा झाला.

"आणि जनावरांच्या?" मी आपलं थट्टेत विचारलं.

"त्या तिसऱ्या मजल्यावर. त्या सुक्या आहेत."

मी हसलो, तोही हसला. मग म्हणाला, "हसताय काय? जनावराच्या वहीवर माणसाला पेन्शन मिळत नसते."

चारशे सतरा म्हणजे मास्तरीण. हे मला विचारायला लागत नाही. इतर मुलांना पाढे पाठ होते, मला चारशे सतराच्या अंगावरच्या खुणा पाठ होत्या. डाव्या खांद्यावर पांढरा चट्टा. उजवा कान टोकाला फाटलेला. खुरावर नंबर डागलेला. चढावर मध्येच उभी राहायची आणि तुम्ही "चला बाई, चला" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाही, म्हणून मास्तरीण. ओझं दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर मान वळवून तुमच्याकडे बघायची. सात वर्षांत तिला एक चापट मारली नाही, हे तुम्ही छाती फुगवून सांगायचात. आणि तिचा तंग तुमच्या पाठीमागे खुंटीला टांगलेला असायचा. पोटाला आवळायचा तो रुंद चामडी पट्टा. मास्तरणीला तो कधी लागला नाही. मला लागला. पहिली नोकरी सोडली तेव्हा, दुसरी सोडली तेव्हा, आणि तिसऱ्या वेळी तर मी कारण सांगायच्या आतच.

"खेचराला वाट एकदा दाखवली की पुन्हा दाखवावी लागत नाही. तू खेचराच्याही खालचा." हेही पाठ आहे मला.

असो. इथे कोण काय विचारतो ते कळवत राहीन.

५ जुलै

ताई,

हे सगळंच पत्र मनात वाच. बाबांना सांग, त्याने नुसती खुशाली लिहिलीय.

खिडकीवाल्याने आज बाबांची फाईल दाखवली. अर्जात एक ओळ आहे. 'डिस्चार्ज बुक माझ्याच हलगर्जीपणामुळे घरातून गहाळ झाले.' खाली बाबांची सही, ती वाकडीतिकडी, तुझ्या वळणाची. खिडकीवाला त्या ओळीवर पेन आपटून म्हणाला, "स्वतःच लिहून दिलंय बघा. आता आम्ही काय करणार?"

आपले बाबा आणि हलगर्जीपणा! चप्पल दारात तिरकी पडली तर सरळ केल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

ते पुस्तक मी विकलं, ताई. मुद्दाम नाही. घर सोडलं त्या दुपारी पेटी उचलून नेली ना, ती बसस्टँडामागच्या भंगारवाल्याला दिली. तिकिटाला पैसे नव्हते. माझे दोन शर्ट काढून घेतले आणि पेटी पुढे केली. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्याने ते उचकटलं, खाली ते पुस्तक आणि टोपीवरचा पितळी बिल्ला. मला विचारलं, "हे हवंय का?" मी म्हणालो, "नको." इतकंच. नको. तेव्हा मला तुमच्या घरातलं काहीच नको होतं.

म्हणजे मुद्दाम नाही असं वर लिहिलंय ते खोडतो. बघून विकलं.

बाबांना हे माहीत आहे का? नसेल तर त्यांनी ती ओळ का लिहिली? आणि असेल तर का लिहिली?

खोलीत माझ्याबरोबर एक आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. तोही हमालच, पण आधी कोर्टाबाहेर टपरी चालवायचा, त्यामुळे कायदा ऐकून ऐकून शिकलाय. त्याला मी हे सांगितलं, नाव मित्राचं घालून. तो म्हणाला, "तुझ्या मित्राला म्हणावं, भंगारात गेलेलं परत येत नाही. दुसरा पुरावा शोध. आणि म्हणावं, तू नालायक आहेस." मी म्हटलं, सांगतो त्याला.

१६ जुलै

बाबा,

काम झाल्यात जमा आहे. ताई, हे मोठ्याने वाच, घाई करू नकोस.

तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्डवाल्या बाई आहेत. सहा महिन्यांनी त्या रिटायर होणार. खांद्यावर फडकं टाकून बसलेल्या असतात. मी सरळ जाऊन म्हणालो, "मला एका खेचराची वही बघायचीय." त्या म्हणाल्या, "भाऊ, मी इथे आल्यापासून असं म्हणणारे तुम्ही पहिलेच." आणि उठल्यासुद्धा. धूळ झाडत, शिंकत, शिडीवर चढून त्यांनी चारशे सतरा काढून दिली.

बाबा, वहीत सगळं आहे. चट्टा आहे, फाटका कान आहे. "चढावर थांबते, हाक मारल्यावर चालते" असंसुद्धा कुणीतरी लिहिलंय. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ. ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. बाईंनी समजावलं. महिनाअखेर जनावरांचा डॉक्टर यायचा, खोगीर उतरवून पाठीवर हात फिरवायचा, घट्टा नाही, जखम नाही असं बघायचा आणि लिहायचा 'पाठ साफ'. त्याखाली ज्याच्या हाती जनावर आहे त्याने डावा अंगठा उठवायचा. पाठ साफ नसेल तर त्याची रजा कापायची.

सात वर्षं. चौऱ्याऐंशी अंगठे. पहिल्या पानावर तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव, गाव, आधीची पाच वर्षांची नोकरी. पुढे सगळीकडे नुसता अंगठा, कारण तेव्हा सही येत नव्हती. एकाच महिन्यात 'पाठीला घाव' लिहिलंय. पुढे, 'मुक्कामाला पोचेपर्यंत दोन दिवस अर्धे ओझे चालकाने स्वतः वाहिले.'

बाई म्हणाल्या, "चांगला माणूस दिसतोय."

मी म्हणालो, "खेचरांशी."

मी जन्मलो तो महिनाही काढून बघितला. पाठ साफ, अंगठा. ठसा अगदी स्वच्छ, एकेक रेघ मोजता येईल असा. बराच वेळ बघत बसलो. तंगाचे वळ उठायचे तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवायला कोण वही घेऊन आलं होतं, बाबा? माझ्या पाठीखाली कुणाचा अंगठा आहे?

जाऊ द्या. कामाचं बोलतो. वही घेऊन बाई स्वतः खाली आल्या आणि त्या खिडकीवाल्याशी भांडल्या. त्याने वरच्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, चालेल. तुमच्या जवळच्या कचेरीत जाऊन डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा. तिथला अधिकारी वहीवरून काही प्रश्न विचारेल. ठसा जुळला, उत्तरं जुळली की झालं.

ताई, उद्याच घेऊन जा त्यांना. अंगठा आधी साबणाने धुवायला सांग.

३० जुलै

ताई,

मनात वाच.

तुझं पत्र गोदामात मिळालं. खांद्यावर पोतं होतं, ते तसंच ठेवून वाचलं. मुकादम ओरडत होता, "ए एकशे बारा, झोपलास का?" मी पुन्हा वाचलं. तू एकाच ओळीत लिहिलंयस. बाबांना डावा अंगठा नाही, डॉक्टरने तेव्हाच पेरापासून काढला, तुला माहीत असेल असं वाटलं होतं.

मला माहीत नव्हतं. देवाशपथ नाही. मला एवढंच माहीत होतं की लागलं.

त्या दुपारी तू विहिरीवर होतीस. त्यांनी तंग काढला होता, दोन बसले होते. मी पेटी ओढली, त्यात शर्ट कोंबले. ते म्हणाले, "पेटी माझी आहे." मी म्हटलं, "मग मीही तुमचा नाही." त्यांनी तंग टाकून दिला, ताई. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी तंग खाली टाकला आणि पेटीच्या कडेवर हात ठेवला. डावा. ओढत नव्हते, मारत नव्हते, नुसता ठेवला होता, जसा ते मास्तरणीच्या पाठीवर ठेवत असतील. मी बघितलं हात आहे. आणि झाकण आपटलं. पाय ठेवून आपटलं.

ते ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. हात सोडवून घेतला त्यांनी आणि खाली बसले. मी कडी लावली आणि पेटी घेऊन पळालो. वाटेत झाकणाला रक्त दिसलं ते शर्टाने पुसलं. मला वाटलं, नख गेलं असेल. आठ वर्षं मी नखच समजून चाललोय.

वकिलाला आता मित्राचं नाव न घालता सगळं सांगितलं. त्याने दिवा मालवला आणि कूस वळवली. 

तिथल्या कचेरीत काय झालं ते सविस्तर लिही.

१४ ऑगस्ट

बाबा,

ताईने सगळं लिहिलंय. ताई, हे मोठ्याने वाच.

अधिकाऱ्याने बत्तीस प्रश्न विचारले आणि बत्तीसच्या बत्तीस उत्तरं बरोबर आली. घाव कुठे झाला होता, किती बोटं लांब, कोणतं मलम लावलं, सगळं. अधिकारी म्हणाला, आजोबा, तुम्ही वही पाठ करून आलात काय? तुम्ही म्हणालात, वही माझ्यावरून लिहिलीय. एवढं छान बोललात. आणि मग त्याने अंगठ्याचं विचारलं.

"कसा गेला?"

"गेला."

"अहो पण कसा?"

"गेला म्हटलं ना."

त्याने शेरा मारला, अंगठा नसल्याचं समाधानकारक कारण नाही. साहेब काय म्हणतो ठाऊक आहे? ठसा जुळणार नाही म्हणून अंगठ्याला इजा करून घेणारे लबाड आधी येऊन गेलेत. तुम्हाला त्यांच्या रांगेत बसवलंय. बारा वर्षं खेचरांचं ओझं तोलणारा माणूस लबाड!

वकील म्हणाला, सोपं आहे, कामावर अपघात झाला म्हणून लिहून देऊ. पण त्यांनी दवाखान्याची नोंद मागवून घेतलीय. त्यात ताईने त्या दिवशी सांगितलेलं आहे, 'भावाने झाकण आपटले, भाऊ घर सोडून गेला.' ताई, तू खरं बोललीस, तुझ्यावर राग नाही. आणि अधिकाऱ्याने ती नोंद पुढे केल्यावर बाबा तुम्ही काय म्हणालात? "पोरगी घाबरली होती, काहीही बोलली." म्हणजे आता एक कागद एक सांगतो आणि अर्जदार दुसरंच. आता त्यांना हवाय एकच जबाब. ज्याने आपटलं त्याचा. शपथेवर.

मी देतो म्हणून कळवलं. त्यावर तुमचा निरोप आला. ताईने तोही जसाच्या तसा लिहिलाय. "माझ्या पोराने मला मारलं हे सरकारी कागदावर चढू द्यायचं नाही. पेन्शन नको. त्याने लिहून दिलं तर पुन्हा माझ्या दारात उभं राहू नये म्हणावं."

मी आठ वर्षं उभा नाहीच राहिलेलो. तरी ती ओळ मी तीनदा वाचली. कारण त्याचा अर्थ असा होतो, की लिहून दिलं नाही तर उभं राहता येईल. दार उघडं आहे हे तुम्ही मला आजच सांगितलंत. आणि लगेच कडी दाखवलीत.

तुम्ही अब्रू कुणाची झाकताय, बाबा? माझी की तुमची? माझी असेल तर राहू द्या, मला तिचा उपयोग नाही. तुमची असेल तर ऐका. त्या कचेरीत आज तुमच्या नावापुढे 'लबाड' लिहायचं तेवढं बाकी आहे.

एकतीस तारखेपर्यंत मी वाट बघतो. तुम्ही स्वतः सांगा, 'मुलाने केलं.' दोन शब्द. तुम्ही सांगितलंत तर मला लिहावं लागणार नाही.

ताई, आता मनात वाच. त्यांचा अंगठा नाही तर ते चहाचा कप कसा धरतात? मी खूप प्रयत्न करून बघितला. मला जमलं नाही.

३१ ऑगस्ट

बाबा,

तुमच्याकडून काही आलं नाही. आज शेवटचा दिवस होता. लिहून दिलं.

सकाळी दहाला गेलो. रेकॉर्डवाल्या बाई स्वतः खाली येऊन शेजारी बसल्या. मला लिहायला वेळ लागतो हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "मी लिहिते, तुम्ही सांगा." मी म्हटलं, नको, हे माझ्याच अक्षरात जाऊ द्या. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, खोटं बोलायला लागणारी सफाई त्यात नाही.

अर्ध्यात आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "झाकण आपटलं असं लिहा, पण रागाच्या भरात, हात दिसला नाही, असं घाला. दवाखान्याच्या नोंदीशीही जुळतं. तुम्हालाही बरं पडेल."

बाबा, माझं पेन थांबलं. दिसला नाही असं लिहिलं असतं तर तुम्हीही कदाचित ते मानलं असतंत. कदाचित आठ वर्षं तेच मानत असाल. पण मग ती मास्तरीण डोळ्यांपुढे आली, एका बाजूला ओझं जास्त झालं की मान वळवून बघणारी. मी लिहिलं, हात दिसत होता.

डिस्चार्ज बुक विकल्याचंही लिहिलं. बघून विकलं असं लिहिलं. म्हणजे तुमचा हलगर्जीपणाही अर्जातून गेला.

खिडकीवाल्याने वाचलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मग शाईचा डबा पुढे सरकवला. "सहीशेजारी अंगठा. डावा."

बाहेर येऊन हात धुतला. शाई निघाली नाही. दुपारी गोदामात मुकादमाने विचारलं, "काय रे, कुणाची जमीन लिहून घेतलीस?" मी म्हटलं, "घर लिहून दिलं."

एवढंच होतं. आता मला दारात उभं राहायचं नाही, हे ठरल्याप्रमाणे.

२३ सप्टेंबर

ताई,

आदेश निघाला. मंजूर. बाईंनी मुद्दाम निरोप धाडून बोलावून घेतलं. मूळ प्रत टपालाने बाबांकडे येईलच, पण आधी माझ्याकडून जावी म्हणून ही नक्कल सोबत जोडलीय.

पेन्शन एप्रिलपासून धरलीय. दरवर्षी एकदा, जिवंत आहे असा दाखला द्यायचा, त्यावर उजवा अंगठा चालेल असं वेगळं लिहून घेतलंय. ते मी खिडकीवाल्याशी भांडून करून घेतलं. म्हणाला, "सही येते ना त्यांना?" मी म्हटलं, "म्हातारपणी हात थरथरला तर? तेव्हा परत तुमच्याकडे येऊ काय?" दिलं लिहून.

आदेशात दुसऱ्या पानावर जे आहे ते एकदम तुझ्या डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून इथेच लिहितो. 'अर्जदार यांनी खेचर क्रमांक चारशे सतराचे चालक म्हणून सात वर्षे व तत्पूर्वी पाच वर्षे सेवा केल्याचे सिद्ध होते. अर्जदाराचा डावा अंगठा त्यांच्या मुलाने हात दिसत असताना पेटीचे झाकण आपटून निकामी केला व सेवापुस्तिका विकली, हे मुलाच्या जबाबावरून ग्राह्य धरण्यात येत आहे. अर्जदाराकडून कोणतीही लबाडी झालेली नाही.'

शेवटचं वाक्य साहेबाच्या खरड्यात नव्हतं. बाईंनी भांडून घालायला लावलं. मी त्यांना विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, "त्या वहीत मी चौऱ्याऐंशी वेळा बघितलंय."

त्या मला वही घरी नेऊ देईनात, नियम आहे. पण एका पानाची नक्कल काढून दिली. मी जन्मलो त्या महिन्याची. ती पाठवत नाही. ती माझ्याकडे राहील. त्यावर बाबांचा अंगठा आहे आणि तो आता दुसरीकडे कुठेच नाही.

गोदाम सोडतोय. पत्ता बदलेल. नवा कळवायचा की नाही ते बघू.

आता तुला एकच काम आहे. हे पत्र आणि तो आदेश, दोन्ही बाबांना वाचून दाखव. पहिल्या अक्षरापासून. जुनी पत्रंही काढ, पेटीचं आणि त्या दुपारचं, जिथे जिथे मी 'मनात वाच' लिहिलं होतं ते सगळं आता मोठ्याने वाच. पाय ठेवून आपटलं तेही वाच. त्यांनी तंग टाकून दिला होता तेही वाच, ते त्यांना आठवत नसेल. ते म्हणतील, बस कर. करू नकोस. उठून आत गेले तर मागे जा. दार लावून घेतलं तर बाहेर उभी राहून वाच. दारात तुला उभं राहायला मनाई नाही, आणि आवाज आत जातो.